पाणीयुद्धाचा पहिला बळी

"'पाणीचोर' हा शब्द बरोबर आहे. पण त्यांचं करायचं काय, ते येऊ द्या की हेडिंगमध्ये," आमचे संपादक वळसंगकर साहेब म्हणाले. त्यांच्या एका हातात कांदाभजी होती आणि दुसऱ्या हातात गव्हाणेनं आणलेली बातमी. बातमीच्या कागदावर तेलाचे डाग पडत होते.

"पाणीचोरांना आवरा," गव्हाणेनं सुचवलं.

"आवरा? पंगतीत दंगा करणारी पोरं आहेत का ती?"

"पाणीचोरांना धडा शिकवा."

"शाळा आहे का इथं?" साहेब माझ्याकडे वळले. "नाईकवाडे, तुम्ही बोला."

मला विचार करावा लागलाच नाही. समोरच्या कागदावर मी तीन शब्दांऐवजी दोनच लिहिले आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. 'पाणीचोरांना ठेचा!'

साहेबांनी वाचलं. भजी चावणं थांबलं. मग ते खदखदून हसले आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, "बघ गव्हाणे, बघ! बाईच्या हातात पेन नाही, वरवंटा आहे. आठ कॉलम!"

मीही हसले. ते हसू मला आजही आठवतं.

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या मे महिन्यातली. धारूळ हे आमचं मराठवाड्यातलं गाव. तिथं आमच्या दैनिकाची आवृत्ती निघायची आणि मी त्या आवृत्तीची उपसंपादक होते. सात पुरुषांच्या डेस्कवर मी एकटी बाई. पहिली दोन वर्षं मला पाककृती, राशिभविष्य आणि निधनवार्ता एवढंच दिलं जायचं. मग एकदा नगरपालिकेच्या सभेच्या बातमीला मी सहज हेडिंग दिलं, 'विरोधकांनी नगराध्यक्षांना सोलून काढले'. दुसऱ्या दिवशी गावभर तेच. त्या दिवसापासून मोठी हेडिंगं माझ्याकडे यायला लागली. अर्थसंकल्प आला की मी सामान्यांच्या पाठीत खंजीर खुपसायची. क्रिकेटमध्ये धूळ चारायची. बाजार समितीच्या निवडणुकीत तर मी एका पॅनेलचं कंबरडं मोडलं होतं आणि दुसऱ्याचा कोथळा काढला होता. घरी मुंगी पायाखाली आली तरी मी पाय उचलायची, पण डेस्कवर माझ्याइतकं जहाल कोणी लिहीत नव्हतं. पुरुष मला मान द्यायला लागले होते. त्या मानाची चटक लागली होती.

त्या वर्षी धरण आटलं होतं. गावाला अकरा दिवसांनी पाणी यायचं, तेही तासभर. खडकपुरा नावाच्या उंचावरच्या वस्तीत तर मागच्या दोन्ही पाळ्यांना करंगळीएवढीसुद्धा धार आली नव्हती. गव्हाणे तिथं जाऊन आला होता. लोक म्हणत होते की व्हॉल्व्ह उघडणारी माणसं चिरीमिरी घेतात आणि खालच्या गल्ल्यांना पाणी देतात. ते खरं की खोटं, हे गव्हाणेनं कोणाला विचारलं नव्हतं. मीही त्याला विचारलं नाही.

"आणि एक चौकट करू," मी साहेबांना म्हणाले. "कुठल्या भागाचं पाणी कोण सोडतो, नावासकट. लोकांना नुसतं 'चोर चोर' सांगून काय उपयोग? चोर कोण ते कळू दे की."

"करा!"

अशी ती चौकट झाली. 'शत्रू ओळखा' असं तिला नाव दिलं. सहा व्हॉल्व्हमनची नावं. चौथं नाव खडकपुऱ्याचं होतं, मुंजाजी कऱ्हाळे.

हे नाव मला नवीन नव्हतं. आमच्या शिक्षक कॉलनीचं पाणीही मुंजाजीच सोडायचा. पन्नाशीचा, काटक, डोक्याला कायम उपरणं गुंडाळलेला माणूस. खांद्यावर ती लोखंडी लांब चावी, वर आडवी दांडी असलेली. ती चेंबरमध्ये घालून तो अंगाचा भार टाकून फिरवायचा आणि मग गल्लीत ओरडायचा, "सोडलं होऽ!" त्याचं नाव यादीत वाचताना मी क्षणभर थांबले होते, हे कबूल करते. पण थांबले ती नाव बरोबर लिहिलंय ना, 'ऱ्हा' नीट उमटलाय ना, हे बघायला.

मंगळवारी सकाळपासून ऑफिसचा फोन खणखणत होता म्हणे. मला घरीच एक फोन आला. खडकपुऱ्यात राहणारे कुलथे, विमा एजंट. माझ्या नवऱ्याची पॉलिसी त्यांच्याकडे होती. "वहिनी, काय हेडिंग! वाचूनच अंगात बळ आलं बघा. आम्ही वस्तीत नळकोंडाळ्यावर चिकटवलंय." मी नम्रपणे म्हणाले, "अहो, आमचं कामच आहे ते." फोन ठेवला आणि आरशात बघून केस नीट केले.

अकराच्या सुमाराला मुंजाजी दारात आला. चावी त्यानं भिंतीला टेकवली, पण आत आला नाही, पायरीवरच उभा राहिला.

"ताई, ते पेपरातलं पोरीनं वाचून दाखवलं सकाळी. ते 'ठेचा' म्हंजी कुणाला?"

मला हसू आलं. "अहो मुंजाजीभाऊ, खरंच ठेचायचं नसतं. पेपरची भाषा असते ती. आपण क्रिकेट जिंकलो की लिहितो ना, अमक्याला धूळ चारली? कोण धूळ खातं का?"

"तसं व्हय." त्यानं मान हलवली. जरा विचार केला. "पण त्याच्यात नाव हाय ना माहं. क्रिकेटवाल्याला काय, त्याला खडकपुऱ्यात जायचं नसतंय रोज."

"काही होत नाही हो. दोन दिवस लोक बोलतील आणि विसरतील."

"बोलू द्या की. बोलण्याचं काय नाई." त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. घामानं ओला झालेला. "खडकपुऱ्याच्या वॉलचे आटे गेलेत, ताई. चावी नुसती गरागरा फिरती, आता तर वॉल उघडतच नाई. फेब्रुवारीपासून तीन अर्ज दिलेत. पोरीकडून लिहून घेतले. ह्यो बगा, आवक-जावकचा शिक्का. एवढं छापा. म्हंजी लोकाला कळंल की म्या पाणी आडवलं नाई."

मी अर्ज वाचला. शाळकरी, गोल अक्षरातला. खाली नगरपालिकेचा जांभळा शिक्का, तारीख सतरा फेब्रुवारी. खरा होता.

"ठेवा माझ्याकडे. बघते मी."

"उद्याच्यालाच यील ना? परवा खडकपुऱ्याची पाळी हाय."

"येईल," मी म्हणाले.

दुपारी तो अर्ज मी साहेबांपुढे ठेवला. तेवढं तरी केलं. त्यांनी उलटापालटा करून बघितला. "बातमी आहे. करा दोन ओळी. पण मग उद्याचं हेडिंग काय? काल 'पाणीचोरांना ठेचा' आणि आज काय, 'व्हॉल्व्हचे आटे गेले'?"

डेस्कवर हशा पिकला. गव्हाणे म्हणाला, "मॅडम, आज वरवंटा माहेरी गेला वाटतं."

आता जे सांगते ते मी वीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. साहेबांनी 'छापू नका' असं म्हटलंच नव्हतं. 'करा दोन ओळी' असं म्हटलं होतं. दोन ओळी मी केल्या नाहीत. का? तर सगळे हसले म्हणून. माझ्याच कालच्या हेडिंगची धार मी स्वतः बोथट करणार नव्हते. अर्ज मी खणात टाकला, उद्या बघू म्हणून. आणि बुधवारच्या अंकासाठी लिहिलं, 'पाणीयुद्ध पेटले!' आमचा ऑपरेटर नसीर यानं नळाच्या तोंडातून ज्वाळा निघताना दाखवल्या. छान जमलं होतं चित्र.

गुरुवारी सकाळी पावणेसातला गव्हाणेचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"मॅडम, लॉटरी! खडकपुऱ्यात व्हॉल्व्हमनला धुतला!"

"धुतला म्हणजे?"

मला खरंच विचारावं लागलं. आमच्याकडे सभेत चार प्रश्न विचारले तरी 'धुतला' असं म्हणत. टोमणा मारला तरी धुतला. एखाद्याला खरोखर मारलं असेल तर त्यासाठी आमच्याकडे वेगळा शब्दच उरला नव्हता.

"धुतला म्हणजे त्याच्याच चावीनं हो! जबडा गेला बहुतेक. सरकारी दवाखान्यात नेलाय. मी फोटो मारलेत, रंगीत. या लवकर."

मी रिक्षा करून खडकपुऱ्यात गेले. चेंबरचं झाकण बाजूला पडलं होतं. शेजारी मातीत रक्त सुकून काळं पडलं होतं आणि त्यावर माशा बसल्या होत्या. एक चप्पल होती. थोड्या अंतरावर काहीतरी पांढरं दिसलं, मी वाकून बघितलं. दाढ होती. मुळासकट. मी मागे सरकले तर पाठीला हंडा लागला. मागे बायकांची रांग उभी होती, हंडे-कळश्या घेऊन. पाणी सुटलंच नव्हतं, पण नंबर जाईल म्हणून कोणी रांग सोडली नव्हती. रक्ताला वळसा घालून रांग वाकडी झाली होती, एवढंच.

नळकोंडाळ्याच्या भिंतीवर माझं हेडिंग खळीनं चिकटवलेलं होतं. शेजारी चौकट. तिच्यातल्या चौथ्या नावाखाली कोणीतरी लाल पेननं दोनदा रेघ ओढली होती.

कुलथे लगबगीनं पुढे आले. आंघोळ करून आले होते. केस ओले, कपाळाला गंध. महिनाभर पाणी नसलेल्या वस्तीत यांनी आत्ता आंघोळ कशाला केली असेल, हे माझ्या मनात आलं. उजव्या हाताची तीन बोटं सुजली होती. ते हात मागे घेऊन बोलत होते.

"मी नव्हतो हं वहिनी त्यात. मी आपला बाजूला उभा होतो. फार वाईट झालं. पण लोकांचा पारा चढला होता. आणि तो उलट उत्तरं देत होता."

"काय म्हणाला तो?"

"म्हणे व्हॉल्व्ह खराब आहे! आटे गेलेत म्हणे, अर्ज दिलेत म्हणे. सरळ खोटं." कुलथेंनी भिंतीवरच्या कात्रणाकडे बोट केलं, त्या सुजलेल्या बोटांपैकीच एकानं. "एवढं सगळं पेपरात आलंय, नावासकट आलंय. व्हॉल्व्ह खरंच खराब असता तर तेही आलं असतं की! तुम्ही काय सोडलं असतं का?"

मी परत रिक्षात बसले.  

दवाखान्यात त्या दिवशी जायचं धाडस झालं नाही. ऑफिसात मात्र गेले. गव्हाणेचे फोटो टेबलावर पसरले होते. साहेब एकेक उचलून उजेडात धरत होते, लग्नाचे फोटो निवडावे तसे. "हा घेऊ. यात तोंड नीट दिसतंय. रक्त इथं जरा उठाव दे रे नसीर." गव्हाणे पुन्हापुन्हा सांगत होता, पहिला फटका कसा बसला, दुसरा कसा बसला. दर वेळी फटके वाढत होते. कोणीतरी भज्यांची ऑर्डर दिली.

मी खणातून अर्ज काढून साहेबांपुढे ठेवला. "हा आधी छापायचा. व्हॉल्व्ह खराब होता. आपल्याला मंगळवारपासून माहीत होतं."

"आपल्याला म्हणजे तुम्हाला," साहेब शांतपणे म्हणाले. "आणि आता छापला तर आपणच तोंडावर आपटू. थोडे दिवस जाऊ द्या."

"आपण 'ठेचा' लिहिलं आणि त्यांनी ठेचलं, साहेब."

"नाईकवाडे, वेड्यासारखं बोलू नका. पेपर वाचून कोणी कोणाला मारत नसतं. तसं असतं तर तुमच्या हेडिंगांनी निम्मी नगरपालिका मेली असती एव्हाना. महिनाभर पाणी नाही म्हणून मारलं. मेचं ऊन डोक्यात गेलं म्हणून मारलं. आपण नसतो तरी मारलं असतं."

  पाणी नव्हतं हे खरंच होतं.

"हेडिंग माझं मीच करतो आज," म्हणत त्यांनी कागदावर लिहिलं आणि मला दाखवलं. 'पाणीयुद्धाचा पहिला बळी!' खाली नाव, मुंजाजी कऱ्हाळे.

"अहो, तो जिवंत आहे!"

"मग? बळी म्हणजे काय मेलेलाच लागतो का? भाषा असते ती. तुम्हाला मी शिकवायचं?"

मी वाद घातला, आवाज चढवला, पण उठून गेले नाही. हे महत्त्वाचं आहे. मी उठून गेले नाही. पान माझ्याच हाताखालून छपाईला गेलं. बातमीत पाचव्या परिच्छेदात 'प्रकृती स्थिर' असं होतं, त्यातल्या 'प्रकृती'ची वेलांटी मी दुरुस्त केली.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात गेले. मुंजाजीचा चेहरा पट्ट्यांनी गुंडाळलेला होता, एक डोळा आणि नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या. डावा हात प्लास्टरमध्ये. जबडा तारेनं बांधल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. त्याची बायको गयाबाई नळीनं त्याला दूध पाजत होती. निम्मं दूध मानेवरून ओघळत होतं आणि ती पदरानं टिपत होती. मी पायथ्याशी उभी राहिले. 

तेवढ्यात बाहेरून रडण्याचा आवाज आला. एका बाईचा नाही, खूप जणींचा. छाती पिटत येणाऱ्या बायकांचा. वॉर्डातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, कोण गेलं म्हणून. आवाज जिना चढून वर आला आणि थेट आमच्या वॉर्डाच्या दारात शिरला.

वीसेक माणसं असतील. टेंपो करून मुंजाजीच्या गावाहून आलेली. पुढे त्याची म्हातारी आई धुरपताबाई, दोन्ही बाजूंनी दोघींनी धरलेली. मागे त्याचा पुतण्या रामकिसन. त्याच्या एका काखेत कोरं पांढरं कापड, दुसऱ्या हातात गुंडाळलेला आमचा पेपर. आणखी एकाच्या हातात पिशवी होती, तिच्यातून हार आणि गुलालाची पुडी दिसत होती.

"माह्या लेकराला खाल्लं रंऽ!" म्हातारीनं हंबरडा फोडला. गयाबाईला बघताच तिच्या गळ्यात पडली. "कुठं ठिवलाय गं त्याला? तोंड तरी दाखीव. झाकलंय का?"

गयाबाईच्या हातातली वाटी खाली पडली. "आत्याबाई, आवो काय बोलताय? हे काय समोर. जित्ते हायेत."

म्हातारीला ते ऐकूच गेलं नाही. ती पट्ट्यांच्या गोळ्याकडे बघत होती आणि ओळखत नव्हती. मुंजाजीनं उजवा हात वर केला. घशातून काहीतरी आवाज काढला. म्हातारीचं रडणं थांबलं. ती सावकाश कॉटच्या खालच्या अंगाला आली, चादर बाजूला केली आणि त्याच्या पायांवरून हात फिरवायला लागली. घोटे, टाचा, बोटं. एकेक बोट. मग खाली फरशीवर बसली.

 जरा वेळानं म्हातारीनं मान वर केली. "रामकिसन, मेल्या, काय वाचलंस तू?"

पोरगा रडवेला झाला. त्यानं पेपर उलगडला. "आजे, छापलंय ना. हे बग. 'पहिला बळी'. मुंजाजीकाकाचं नाव हाय, फोटू हाय रक्ताचा. एसटी स्टँडवर पेपर आला तवा सगळ्या गावानं वाचलं. म्या एकट्यानं नाई."

"बळी म्हंजी काय?"

"बळी म्हंजी... गेलेला माणूस."

"बळी म्हणजे गेलाच की," शेजारच्या कॉटपाशी बसलेली बाई म्हणाली. "आम्ही पण तेच समजलो असतो."

गयाबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "ह्या शिक्षक कॉलनीतल्या ताई, आत्याबाई. पेपरात असतात. तुमच्या लेकानं अर्ज ह्यांच्याकडंच दिला हुता."

म्हातारी उठली, माझ्याजवळ आली. मला वाटलं मारेल. मारावं असंही वाटलं. तिनं माझा हात धरला. तळवा खरखरीत होता.

"बाई, तू लिव्हतीस का ते?"

त्या दिवशीचं हेडिंग माझं नव्हतं. तसं सांगता आलं असतं. "हो," मी म्हणाले.

"मंग ऐक. गावात लाकडं गोळा झालीत. घरटी एक एक आणून टाकलंय मसणवाट्यात. रामकिसनला आता परत धाडते, पर कुणी मानायचं नाई. पेपरात आलंय म्हणतील, ह्या पोराचं काय ऐकता. तूच छाप की, जित्ता हाय म्हणून. तुमचं छापल्यालं मानतेत लोक."

मुंजाजी उघड्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होता. त्याला बोलता येत नव्हतं.  मी मान हलवली.

संध्याकाळी ऑफिसात गेले तेव्हा पहिल्या पानावर नवी बातमी लागलेली होती. गुरुवारी दुपारीच नगरपालिकेनं खडकपुऱ्याचा व्हॉल्व्ह बदलला होता. दीड तासाचं काम. तीन महिने न झालेलं काम दीड तासात. हेडिंग होतं, 'आमच्या बातमीचा दणका! खडकपुऱ्यात अखेर पाणी'. साहेब मालकांकडे जेवायला गेले होते. जाताना म्हणाले होते, नाईकवाडे बघतील पान.

मी ती बातमी काढली आणि त्या जागेत दुसरी लिहिली. सहा वाक्यांची. मुंजाजी कऱ्हाळे यांच्यावर सरकारी दवाखान्यात उपचार चालू आहेत. खडकपुऱ्याचा व्हॉल्व्ह फेब्रुवारीपासून नादुरुस्त होता. त्यांनी तीन अर्ज दिले होते, पहिला सतरा फेब्रुवारीला. त्यातल्या एका अर्जाची प्रत या दैनिकाकडे मंगळवारी आली होती. ती आम्ही छापली नाही. ती छापायला हवी होती.

हेडिंग दिलं, 'मुंजाजी कऱ्हाळे जिवंत आहेत'.

नसीरनं टाइप केलं आणि सवयीनं शेवटी उद्गारचिन्ह टाकलं.

"ते काढ," मी म्हणाले.

"साहेबांना विचारलंय मॅडम?"

"नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि चिन्ह काढलं.

शनिवारी दुपारी मला घरी पत्र आलं, उद्यापासून येऊ नये. मीही जाणार नव्हते. नंतर मी पुढची अठरा वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मुंजाजीचा जबडा जुळला, पण वाकडा जुळला. सात जणांवर खटला झाला. त्यात कुलथेही होते. दोन वर्षांत साक्षीदार फिरले आणि सगळे सुटले. मला कोर्टानं साक्षीला बोलावलंच नाही. मीही आपणहून गेले नाही. हेडिंगमुळे मारलं की पाण्यामुळे, हे कोणी विचारलं नाही आणि कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

मुंजाजीच्या गावात काय झालं ते गयाबाईनं मला पुढे कधीतरी सांगितलं. शुक्रवारी दुपारी रामकिसन परत जाऊन ओरडून ओरडून सांगत होता की काका जित्ता हाय, म्या डोळ्यांनी पाहिलाय. लोक त्याला म्हणाले, तुला धक्का बसलाय, बस जरा, पाणी पी. रात्रभर मसणवाट्यात लाकडं तशीच होती. त्यांच्यापाशी दोन माणसं राखणीला बसवली होती. शनिवारी सकाळच्या एसटीनं पेपर आला. शाळेच्या मास्तरांनी तो स्टँडवर उभं राहून मोठ्यानं वाचला, दोनदा वाचला. तेव्हा कुठे माणसं मसणवाट्यात गेली आणि ज्यानं त्यानं आपापलं लाकूड उचलून घरी नेलं.